मागच्या बाकावरची वजाबाकी

शाळा जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो की भरमसाट फी घेणारी, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एक तक्रार हमखास ऐकू येते: मुलांना शिकायचंच नाही. वह्या आणत नाहीत, गृहपाठ करत नाहीत, काही विचारलं की खाली मान घालून उभी राहतात आणि सर फळ्याकडे वळले की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. आठवी-नववीवर सलग तास घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडून ही तक्रार निघते तेव्हा ती खोटी नसते. समोरच्या पन्नासांतले पंधरा-वीस चेहरे रोज कोरे दिसत असतील तर शिकवणाऱ्याचाही हुरूप टिकत नाही, आणि त्याचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. माझा मतभेद आहे तो निदानाशी. मुलाला आवड नाही म्हणून ते शिकत नाही, असे आपण धरून चालतो आणि मग आवड निर्माण करण्याच्या मागे लागतो. वरच्या वर्गांत दिसणारी बरीचशी अनास्था उलट्या वाटेने आलेली असते. कित्येक वर्षे काही समजलेले नसते, आणि न समजणाऱ्या गोष्टीत रोज सहा तास बसून राहायचे तर मन काढून घेण्यावाचून मुलाच्या हाती दुसरे काही उरत नाही. हे खरे असेल तर उपायाची सुरुवात आवडीपासून करून भागणार नाही, ती जमण्यापासून करावी लागेल.

आठवीतल्या अशा एखाद्या मुलासमोर ३०२ वजा १४७ हे उदाहरण ठेवून पाहावे. पुष्कळदा उत्तर येते २४५. शिक्षक त्यावर लाल फुली मारतात आणि वही पुढे सरकवतात. पण ते २४५ आले कसे? एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन घालवले, उरले पाच. दशकाच्या घरात शून्यातून चार जात नाहीत, म्हणून चारातून शून्य, उरले चार. शतकात तीनातून एक गेला, उरले दोन. वजाबाकी नेहमी मोठ्यातून लहानाची करायची, हे पहिलीत सांगितलेले त्याने इमानेइतबारे पाळले आहे. हातच्याची वजाबाकी शिकवली जात होती तेव्हा तो आजारी असेल, गावी गेला असेल किंवा बाईंची बदली होऊन वर्ग महिनाभर कोणाकडेच नसेल. एक शतक मोडून दहा दशक करायचे, त्यातला एक दशक मोडून दहा एकक करायचे, ही दोन पायऱ्यांची हालचाल त्याच्या हाताखालून कधी गेलीच नाही. मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुका जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली पद्धतशीर मांडल्या. त्यातून दिसले ते असे की बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतात, मूल एक चुकीचा नियम सातत्याने वापरत असते. ज्याचे डोके इतके नेमाने चालते त्याला अभ्यासात डोके चालवायचेच नाही, असे म्हणता येत नाही. तरी आठवीत त्याच्यापुढे चक्रवाढ व्याज आणि बैजिक राशींचे अवयव येतात, आणि फळ्यावरचे सगळे सुवाच्य अक्षरात उतरवून घेणे एवढेच त्याच्या हाती राहते. अशा मुलांच्या वह्या अनेकदा अगदी पूर्ण असतात, तपासून सहीही झालेल्या असतात.

हे एखाद-दुसऱ्या मुलाचे दुखणे असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मुलांना वाचन-गणित कितपत येते हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाची ग्रामीण मुले-मुली घेतली होती. त्यातल्या सुमारे २५ टक्क्यांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण निम्म्याहून अधिकांना सुटले नाही. जमले ते ४३ टक्क्यांच्या आसपास. यातली बहुसंख्य मुले शाळा-कॉलेजात नाव असलेली आहेत. दिल्लीच्या सरकारी शाळांतल्या मुलांचा एक अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानीमियान यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते, आणि वरच्या वर्गांत जावे तसे हे अंतर वाढत गेले होते. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट त्यापुढची आहे. नेहमीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी तळाच्या तिसऱ्या हिश्शाची प्रगती वर्षभरात जवळपास शून्य होती. म्हणजे शाळा भरत होती, हजेरी लागत होती, शिक्षक शिकवत होते, आणि वर्गातल्या दर तिसऱ्या मुलापर्यंत त्यातले काही पोचत नव्हते. ज्या तासातून आपल्याला काहीच मिळत नाही त्या तासात मन न लागणे याला दोष म्हणायचा की समजूतदारपणा, हा प्रश्न मोठ्या माणसांनी स्वतःलाही विचारून पाहावा. न कळणाऱ्या भाषेतली दोन तासांची सभा आपल्याच्याने सोसवत नाही.

आवड आधी की जमणे आधी, हा वाद निव्वळ तर्काने सुटणारा नाही. त्यावर पुरावा आहे. कॅनडातल्या सुमारे दीड हजार मुलांवर वयाच्या सातव्यापासून दहाव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज ज्याला गणित जमते त्याला पुढे गणिताची गोडी लागलेली दिसते, पण आज ज्याला गोडी आहे त्याचे गणित पुढे त्यामुळे सुधारतेच असे दिसले नाही. एवढ्या एका अभ्यासावर सगळा डोलारा उभारू नये. इतर काही अभ्यासांत दोन्ही गोष्टी एकमेकींना हात देतात असे आढळले आहे, आणि शहाण्या शिक्षकाचा अनुभवही तसाच असतो. पण दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या या चक्राला हात कुठे घालता येतो, हे पाहिले पाहिजे. मुलाच्या मनातली आवड बाहेरून बदलण्याचे साधन शिक्षकाच्या हातात नाही. हातच्याची वजाबाकी शिकवण्याचे आहे.

आपल्याकडचे नेहमीचे उपाय मात्र आवडीवर किंवा भीतीवर बेतलेले असतात. प्रेरणादायी व्याख्याने ठेवली जातात, परिपाठात थोरांच्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्या ऐकून मूल खरोखर पेटून उठले तरी दुसऱ्या तासाला त्याच्यापुढे तेच अवयव येतात जे त्याला काल सुटले नव्हते. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर उत्साहाची जागा लाज घेते. बक्षिसांचेही तसेच. स्टॅनफर्डच्या बालवाडीत १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रे काढायची हौस असलेल्या मुलांना आधीच सांगून प्रमाणपत्रे दिली. काही दिवसांनी ही मुले आपणहून चित्रे काढण्यात इतर मुलांच्या जेमतेम निम्मा वेळ घालवत होती. न सांगता अचानक शाबासकी मिळालेल्या मुलांचे तसे झाले नाही. हा प्रयोग मुळातच आवड असलेल्या मुलांवरचा होता, त्यामुळे बक्षीस नेहमीच वाईट असा निष्कर्ष त्यातून काढता येणार नाही. सुरुवातीला ढकलण्यापुरते त्याचा उपयोग होतोही. पण बक्षीस समारंभात तीच तीन नावे दरवर्षी पुकारली जात असतील, तर मागच्या बाकावरच्या मुलासाठी तो आपण त्यांतले नाही हे पुन्हा ऐकण्याचा दिवस असतो.

भीतीची बाजू मांडणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे नीट ऐकायला हवे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले, छडीही गेली, आणि तेव्हापासून मुले कोणाला जुमानत नाहीत, असे ते म्हणतात. नापास न करण्याच्या धोरणाने एक नुकसान केले हे मान्य करायला हवे. मूल मागे पडल्याची जी एक धोक्याची घंटा होती, ती वाजेनाशी झाली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने ती दर महिन्याला वाजावी अशी अपेक्षा होती. पुष्कळ शाळांत ते नोंदी भरण्याचे काम होऊन बसले. पण छडी आणि नापासाचा शिक्का होता त्या काळात ही मुले शिकत होती, हा समज मात्र तपासून पाहिला पाहिजे. त्या काळात ती वर्गात दिसत नव्हती, कारण चौथी-सातवीत दोनदा नापास होऊन ती गुरांमागे, हॉटेलात किंवा लग्न होऊन सासरी गेलेली असत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा घेण्याची मुभा मिळाली, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून ती सुरू झाली. जो नापास होईल त्याला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची, असे कायदा सांगतो. निकाल लागतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर. चार वर्षांचे राहिलेले त्या दोन महिन्यांत भरून काढा, असे त्या मुलाला आणि त्याच्या शिक्षकाला सांगितले जाते. परीक्षेने राहिलेले उघडे पडते, हा तिचा उपयोग आहे. ते भरून निघण्याची तजवीज तिच्यात नाही, आणि ती नसताना भीती घालून फार तर कॉपी वाढते.

मग काय केल्याने फरक पडतो? याचे एक ठोस उत्तर आपल्या मुंबईतूनच मिळालेले आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, बहुधा दहावी-बारावी झालेली, थोड्या दिवसांचे प्रशिक्षण घेऊन शाळेत यायची. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन त्यांना पहिली-दुसरीचे राहिलेले वाचन आणि अंकगणित शिकवायची. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे काटेकोर मोजमाप केले आणि ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे गुण लक्षणीय वाढले, आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. एक बारकावा इथे फार मोलाचा आहे. ही मुले बाहेर गेल्यावर वर्गात उरलेल्या मुलांची संख्या कमी झाली, पण त्या उरलेल्या मुलांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. पटसंख्या कमी झाली म्हणजे सगळे सुधारेल, या आपल्या लाडक्या समजुतीला त्यामुळे धक्का बसतो. पन्नासांचा वर्ग तिसावर आला तरी शिकवणे जर पुस्तकाच्या पानाप्रमाणेच चालणार असेल, तर हरवलेले मूल हरवलेलेच राहते. बालसखीजवळ बी.एड. नव्हते. तिला मूल जिथे अडले आहे तिथून सुरुवात करायची परवानगी होती, आणि माझ्या मते सगळा फरक त्या परवानगीने पडला.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. मागे पडलेल्यांना वेगळे काढले की त्यांच्यावर शिक्का बसतो. अ, ब, क तुकड्यांत हुशारीप्रमाणे मुले वाटणाऱ्या शाळांनी क तुकडीचे काय केले हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. शिक्क्याची ताकद किती असते याचा एक प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या मुलांवर केला होता. भुलभुलैयाची कोडी सोडवायची होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुले आणि सवर्ण मुले सारखीच कोडी सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव, वडिलांचे नाव आणि जात वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. वर्गात कोणाला पुढे बसवायचे, कोणाला प्रश्न विचारायचा, कोणाकडून पाणी आणि कोणाकडून झाडू मागवायचा, यातून मुलाला रोज काहीतरी सांगितले जात असते. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, नांगर धरायची लाज न वाटणारे आणि लोकांत मिसळणारे असावेत, असा आग्रह धरला तो याच जाणिवेतून. तेव्हा हा आक्षेप मी मोडीत काढणार नाही. पण कायमची तुकडी वेगळी आणि एका कौशल्यापुरता, रोज तासाभराचा, महिन्या-दीड महिन्याने बदलणारा गट वेगळा. ज्याला भागाकार येत नाही तो भागाकाराच्या गटात, त्यालाच वाचन उत्तम येत असेल तर तो वाचनाच्या वरच्या गटात. आणि पूर्ण वर्गात बसवून सगळ्यांदेखत रोज उत्तर चुकायला लावणे यात शिक्का नाही, असे थोडेच आहे?

जमत असूनही न करणारी मुलेही असतात, हे मी विसरलेलो नाही. इंग्रजी माध्यमाच्या शहरी शाळांत ती अधिक दिसतात: समज आहे, घरी सोय आहे, ट्यूशन आहे, तरी सगळे अंगावरून वाहून जाते. मोबाईलचा वाटा यात नक्की आहे, आणि घरच्यांनी त्याला आवर घालायला हवा. या मुलांना माझे निदान तसेच्या तसे लागू पडत नाही. त्यांच्या बाबतीत एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या तीन गरजांकडे पाहावे: आपल्याला जमते आहे हे कळणे, आपल्या मर्जीला काही वाव असणे आणि समोरच्या माणसाला आपली पर्वा आहे हे जाणवणे. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास आणि एकाही गोष्टीची निवड स्वतःची नाही, अशा दिनक्रमात मधली गरज कुठेच भागत नाही. निबंधाचा विषय स्वतः निवडणे, दहातली कोणतीही सहा उदाहरणे सोडवणे, इतक्या छोट्या गोष्टींपासून सुरुवात करता येते. पण महाराष्ट्रातल्या शाळांचा एकूण विस्तार पाहता संख्येने मोठा प्रश्न पहिल्या प्रकारच्या मुलांचा आहे, आणि दोघांना एकाच ‘आळशी’ या नावाने हाक मारल्याने दोघांवरचाही उपाय चुकतो.

काही मुलांच्या बाबतीत तर अनास्था म्हणून जे दिसते ते निव्वळ गैरहजेरीचे फळ असते. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांबरोबर जी मुले जातात, ती परतेपर्यंत दुसरे सत्र सरत आलेले असते. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा आहेत, त्यांचा उपयोगही होतो, पण सगळी मुले त्यात सामावत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना हाच पेच सोडवला होता. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात न्यायची, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात न्यायची. या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही असे म्हणून मोकळे होणे त्या काळी फार सोपे होते.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र मुलांचाच आहे. शिकून काय होणार? घरातला मोठा भाऊ डी.एड. करून दुकानात बसलेला आहे, चुलतभाऊ पोलीस भरतीच्या तिसऱ्या खेपेला धावतो आहे, हे नववीतला मुलगा रोज पाहतो. त्याला नोकरीचे आमिष दाखवणे ही फसवणूक होईल, आणि मुले फसवणूक लवकर ओळखतात. शिक्षकाच्या हाती रोजगार नाही, तो प्रश्न सरकारला आणि समाजाला सोडवावा लागेल. पण ज्याला वाचता येत नाही, टक्केवारी कळत नाही, त्याला कर्जाच्या कागदावर काय लिहिले आहे तेही दुसऱ्याला विचारावे लागते. एवढे खरे सांगता येते आणि ते पटणारे आहे.

राहिला वेळ. पोर्शन पूर्ण करायचा, निवडणुकीची कामे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरायची, यातून मागे पडलेल्यांसाठी वेळ काढायचा कधी, असे शिक्षक विचारतात तेव्हा त्याला उत्तर देण्याची जबाबदारी फक्त त्यांची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे त्यात आहे, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणे हेही त्याच कलमात, लगेच खाली आहे. शाळाभेटीला येणारे अधिकारी पहिल्याची चौकशी करतात: किती धडे झाले, किती घटक चाचण्या झाल्या. दुसऱ्याची चौकशी होत नाही, म्हणून वेळापत्रकात त्याला जागा मिळत नाही. रोजच्या आठ तासांतला एक तास पाचवी ते आठवीच्या सगळ्या मुलांसाठी एकाच वेळी ठेवला, त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून वाचन आणि गणिताच्या पातळीप्रमाणे मुले शिक्षकांत वाटून घेतली, तर त्यासाठी नवे पद लागत नाही की नवी इमारत. अभ्यासक्रमाचे दोन धडे कमी झाले तर चालतील, असे लेखी मात्र कोणीतरी द्यावे लागेल. मुख्याध्यापक ते स्वतःच्या जबाबदारीवर देऊ शकत नाहीत, केंद्रप्रमुखही नाहीत. ते वरून यायला हवे, आणि जूनमध्ये शाळा उघडताना यायला हवे, म्हणजे त्या वर्षाचे वेळापत्रक त्याप्रमाणे लावता येईल. त्या तासाला ३०२ वजा १४७ घेऊन बसलेल्या मुलाला शिक्षक विचारू शकतील, “हे तू कसं केलंस, मला सांग बघू,” आणि त्याचे पूर्ण उत्तर ऐकून घ्यायला त्यांना सवड असेल.